पाडकाम चालू असतानाची नोंद: जुन्या पेठेतल्या एका तालमीचे प्रकरण

कोल्हापूरच्या जुन्या गावठाणात, पंचगंगेकडे उतरत जाणाऱ्या एका पेठेत, शंभरेक वर्षे वापरात असलेली तालमीची कौलारू इमारत 2024 च्या दसऱ्यानंतर उतरवण्यात आली आणि तिच्या जागी आता आरसीसी बांधकाम उभे राहिले आहे. उतरवण्यापूर्वी आणि उतरवताना तिची छायाचित्र नोंद करण्याचे काम माझ्याकडे होते. तालमीचे नाव ती चालवणाऱ्या मंडळाच्या इच्छेनुसार येथे दिलेले नाही, आणि पेठेतल्या कोणालाही ती ओळखायला नावाची गरज पडणार नाही. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण असे की, इमारत पाडण्याआधी फोटो काढून ठेवणे एवढ्यालाच आपण नोंद म्हणतो; त्यातून या इमारतीबद्दल जे कळले त्यापेक्षा कितीतरी अधिक ती पाडली जात असताना कळले. आणि नेमका तोच काळ आपल्याकडच्या बहुतेक नोंदींतून वगळला जातो.

तालीम ही कोल्हापुरात केवळ व्यायामाची जागा नाही. पेठेचे नाव, गणपती, फुटबॉलचा संघ, निवडणुकीतला शब्द आणि मयताला लागणारी माणसे, हे सगळे तालमीच्या कट्ट्यावरून चालते. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे 1894 ते 1922 या काळात, कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्याची सर्वांत मोठी वास्तुरूप खूण म्हणजे खासबाग मैदान. पण त्या मैदानात उतरणारा मल्ल तयार झाला तो पेठापेठांतल्या या बुटक्या, जाड भिंतींच्या, अंधाऱ्या तालमींत. खासबागेची छायाचित्रे हवी तेवढी मिळतात. नवा राजवाडा, टाऊन हॉल, रंकाळा आणि भवानी मंडप ही तर दिनदर्शिकांची कायमची गिऱ्हाइके आहेत. मेजर चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार 1884 च्या सुमारास पूर्ण झालेल्या नव्या राजवाड्याचा एकही कोन आता फोटोविना राहिलेला नसेल. याउलट ज्या गल्ल्यांत गावातली माणसे राहतात तिथल्या साध्या बांधकामाचे चित्र शोधू गेल्यास लग्नाच्या वरातीमागे दिसणारी अर्धी भिंत किंवा गणपतीच्या मांडवाआडून डोकावणारे आढे, एवढेच हाती लागते.

इमारत पाडण्याचा निर्णय हट्टाने घेतलेला नव्हता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट धरली जाते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये नदी त्या पातळीच्या कितीतरी वर गेली तेव्हा पाणी या तालमीत शिरले. दगडी जोत्याला त्याने काही झाले नाही. पण जोत्यावरची मातीत रचलेली भिंत खालून भिजली, फुगली आणि दुसऱ्या पुरानंतर पूर्वेकडच्या कोपऱ्यात पोट काढून उभी राहिली. त्यातच कुस्ती मॅटवर गेलेली, मुलांना मॅटचा सराव हवा, मंडळाला उत्पन्न हवे. त्यामुळे तळमजल्याला रस्त्याच्या बाजूने दोन गाळे, मागे मातीचा हौदा (कुस्तीचा आखाडा), वर मॅटची व्यायामशाळा आणि त्यावर सभागृह, असा आराखडा ठरला. वारसा म्हणून या वास्तूला कसलेही संरक्षण नव्हते आणि तिची डागडुजी करण्याचा खर्च मंडळाच्या आवाक्यात नव्हता. मी या निर्णयाच्या विरोधात नव्हतो व नाही. जुने ते टिकवलेच पाहिजे असा आग्रह धरणारी मंडळी सहसा भिजलेल्या भिंतीखाली झोपत नाहीत.

मंडळाची मूळ मागणी दोनच गोष्टींची होती. नव्या सभागृहात लावण्यासाठी सगळ्या आजी-माजी पैलवानांसह तालमीच्या दारात काढलेला एक मोठा फोटो, आणि ड्रोनवरून एक चित्रफीत. दोन्ही कामे रीतसर झाली आणि त्यांच्याबद्दल येथे अधिक लिहिण्यासारखे काही नाही. त्यापलीकडे इमारतीची मोजता येईल अशी नोंद करू द्यावी, अशी विनंती मी केली तेव्हा बैठकीत थोडा वेळ शांतता पसरली आणि मग वस्ताद बोलले. "बिल्डिंग काय, फुडल्या वर्साला परत उभी ऱ्हाईल. माती तेवढी गोणीत भरून ठिवा, ट्रॅक्टरात घालू नका." मला परवानगी मिळाली ती मुख्यतः कोणाची हरकत नव्हती म्हणून.

गल्लीतली दर्शनी भिंत

इमारत साधारण चाळीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद होती. तिची लांब बाजू गल्लीवर होती आणि गल्लीची रुंदी अकरा फूट. छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही पहिली अडचण, कारण समोरच्या घराला पाठ टेकून उभे राहिले तरी 24 मिलिमीटरच्या भिंगातून, पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) संवेदकावर, दहा फुटांवरून जेमतेम पंधरा फूट रुंदीची भिंत मावते. त्याहून रुंद भिंग लावून सगळे एका चौकटीत कोंबण्याचा मोह होतो. पण अशा चित्रात कडेच्या गोष्टी ताणल्या जातात, आणि कॅमेरा वर कलला की भिंती आत झुकतात. हे चित्र पाहणाऱ्याला इमारत नाट्यमय वाटते. मोजणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो.

म्हणून दर्शनी भिंतीची नोंद पट्ट्यांनी केली. भिंतीला समांतर दोरी ताणून कॅमेरा तिपाईवर पाणसळीने सरळ धरला, दर सहा फुटांवर थांबून एक चित्र खालच्या निम्म्या भागाचे आणि एक भिंग वर सरकवून वरच्या निम्म्या भागाचे घेतले. शिफ्ट भिंगाचा फायदा हा की कॅमेरा न कलवता वरचा भाग चौकटीत आणता येतो, त्यामुळे उभ्या रेषा उभ्याच राहतात. प्रत्येक चित्राचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग शेजारच्या चित्रात यायला हवा, एवढे पाळले की संगणकावर हे तुकडे जोडून संपूर्ण भिंतीचे एकच, मापात बसणारे चित्र तयार होते. भिंतीला टेकवून ठेवलेली काळ्या-पांढऱ्या खुणांची मोजपट्टी प्रत्येक पट्टीत दिसेल याची काळजी घेतली, कारण मापाशिवायचे चित्र उद्याच्या वास्तुविशारदाला अंदाजापलीकडे काही देत नाही.

प्रकाशाची गोष्ट थोडी निराळी आहे. ही भिंत उत्तराभिमुख होती आणि उत्तरेकडच्या भिंतीवर वर्षातला बराच काळ थेट ऊन पडत नाही. पण कोल्हापूरचा अक्षांश साधारण 16.7 अंश उत्तर असल्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दिवसभर किंचित उत्तरेकडून जातो. जूनपासून ढग येतात, तेव्हा उरतो तो मे महिना. त्यातही सकाळी समोरच्या घरांची सावली भिंतीवरून सरकल्यापासून आपल्याच वळचणीची सावली वरून खाली उतरेपर्यंत जेमतेम पाऊण तास असा मिळतो, की ज्यात ऊन पूर्वेकडून भिंतीला घासत येते. या तिरप्या उन्हात भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. एरवी सपाट वाटणाऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर पूर्वेकडून एक तृतीयांश अंतरावर एक उभी, सरळ, अगदी बारीक वळकटी दिसली, जी ढगाळ प्रकाशात घेतलेल्या चित्रांत नावालाही नाही. तिचा अर्थ तेव्हा लागला नाही.

दाराजवळची एक गोष्ट मात्र ऊन नसतानाही स्पष्ट होती. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेल्यामुळे गल्ली वर आली होती आणि तालमीत जाण्यासाठी आता दोन पायऱ्या उतराव्या लागत. जोत्याचे घडीव दगड, जे मुळात गुडघाभर वर दिसत असणार, ते रस्त्याच्या पातळीला आले होते. पेठेतल्या जुन्या माणसांना विचारले तर ते सांगत की लहानपणी या जोत्यावर बसून पाय खाली लोंबकळत असत. हे सांगणे आणि जोत्याच्या दगडाच्या उंचीचे माप, दोन्ही एकाच नोंदीत लिहिली.

आत

आत शिरताना वाकावे लागे. दार मुद्दाम बुटके असते. कोणी म्हणतो मातीला नमस्कार घडावा म्हणून, कोणी म्हणतो आतली गारवा-ऊब टिकावी म्हणून. दोन्ही कारणे खरी असू शकतात. आतल्या जागेचा बराचसा भाग हौद्याने व्यापलेला. त्याच्या एका बाजूला मारुतीचा कोनाडा, दुसऱ्या बाजूला मुद्गल, नाल आणि करेला ही व्यायामाची साधने ठेवण्याची जागा. प्रकाश येतो तो उंचावरच्या दोन लहान झरोक्यांतून आणि दारातून.

फ्लॅश वापरला नाही. फ्लॅशमुळे अंधार जातो, पण त्याच्याबरोबर जागाही जाते. तालीम अशी अंधारीच असते आणि ती तशी का असते हेही नोंदीचाच भाग आहे. त्याऐवजी तिपाईवर कॅमेरा ठेवून एकाच दृश्याची कमी-अधिक प्रकाशमानाची अनेक चित्रे घेतली, म्हणजे झरोक्याबाहेरची पत्र्याची शेड आणि कोपऱ्यातला कोनाडा या दोन्हींचे तपशील हाती आले. पैलवानांचा सराव चालू असताना अशी दीर्घ चित्रे घेता येत नाहीत, म्हणून पहाटेचा सराव संपून हौदा ओलावला गेल्यानंतरची वेळ त्यासाठी ठेवली. सरावाची चित्रे वेगळी काढली, आणि अल्पवयीन मुलांचे चेहरे ओळखू येतील अशी चित्रे पालकांच्या संमतीशिवाय नोंदीत घेतली नाहीत.

सर्वांत जास्त त्रास दिला तो रंगाने. हौद्यातल्या लाल मातीवरून परावर्तित झालेला प्रकाश भिंतीच्या खालच्या निम्म्या भागावर तांबूस छटा टाकतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कारण डोळा सवयीने ते वजा करतो. कॅमेऱ्याला रंगसंतुलन स्वतः ठरवू दिले तर तो ही तांबूस छटा चूक समजून काढून टाकतो आणि त्या नादात माती विटकरी न दिसता मातकट तपकिरी दिसते. ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालून वर्षानुवर्षे मळलेल्या मातीचा रंग चुकला तर पैलवान ते चित्र पाहून लगेच म्हणतो, "ही आमची माती न्हवं." त्यामुळे प्रत्येक जागी, प्रत्येक वेळी, करड्या रंगाचे प्रमाणपत्रक (ग्रे कार्ड) चौकटीत ठेवून एक चित्र घेतले आणि नंतर बाकीच्या चित्रांचे रंग त्यावरून बसवले.

भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीला, हौद्याभोवती चारही बाजूंनी एक काळपट, गुळगुळीत पट्टा होता. कुस्ती झाल्यावर अंगाला माती लावून पैलवान भिंतीला पाठ टेकून घाम जिरवत बसतात, त्या तेलकट पाठींनी तो उमटलेला. दरवर्षी दसऱ्याला सफेदी होई आणि दरवर्षी पट्टा परत येई. दक्षिणेच्या भिंतीवर तो सर्वांत गडद होता, कारण तिथून हौदाही दिसतो आणि दारही. एका कोपऱ्यात तो तुटत होता. तिथे वस्तादांची बसण्याची जागा आणि तिथे दुसरे कोणी टेकत नसे. स्थापत्याच्या कोणत्याही आराखड्यात ही गोष्ट दाखवता येत नाही. हा पट्टा मोजपट्टीसह सलग चित्रांत घेतला, आणि नव्या इमारतीत फरशीची भिंत होणार असल्यामुळे तो पुन्हा उमटणार नाही हेही ठाऊक होते.

प्रत्येक चित्राला क्रमांक, दिशा, तारीख आणि त्यातली वस्तू कोणी ओळखून सांगितली याची टीप दिली. इमारतीचा हाताने काढलेला नकाशा, त्यावर प्रत्येक चित्राची जागा आणि बाण. हे काम कंटाळवाणे आहे व त्याविषयी कोणी कौतुक करत नाही. पण क्रमांक नसलेली हजार चित्रे ही नोंद नव्हे, नुसती साठवण असते.

ऑगस्टमध्ये काय बदलले

मेअखेर माझ्या दृष्टीने काम जवळपास संपले होते. पाडकामाच्या वेळी हजर राहण्याची विनंती मी केली होती, तिला मंडळाने आणि कंत्राटदाराने नकारच दिला होता. कंत्राटदाराचे म्हणणे रास्त होते: जागा धोक्याची, गल्ली अरुंद, जेसीबीचे भाडे तासावर, आणि फोटोसाठी थांबायचे तर त्याचे पैसे कोण देणार?

मग 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी उभारलेले आणि 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेले हे नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. रंगमंच आणि छप्पर जळाले. त्या रात्री शहरातली माणसे रस्त्यावर उभी राहून रडत होती, आणि पुढच्या काही दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता: आहे तसे परत बांधायचे तर आत नेमके कसे होते, हे कोणाकडे आहे? नाटकांचे फोटो घरोघरी होते. पण रंगमंचावरच्या नटांचा फोटो वेगळा आणि छपराच्या लाकडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) एकमेकींत कशा अडकवल्या आहेत हे दाखवणारा फोटो वेगळा.

तालमीच्या पुढच्या बैठकीला मला बोलावणे आले. या वेळी वस्तादांनी मातीचा विषय काढला नाही. कंत्राटदाराशी मंडळानेच बोलून ठरवले की कौले, लाकूड आणि भिंती या तीन टप्प्यांच्या मध्ये प्रत्येकी काही वेळ काम थांबेल, छप्पर व लाकूड हाताने उतरवले जाईल आणि जेसीबी फक्त भिंतींना लागेल. त्या थांबण्याचे पैसे मंडळाने दिले. रक्कम फार मोठी नव्हती. ती कोणीतरी द्यायची आहे हे आधी कोणाच्या डोक्यात आले नव्हते, इतकेच.

उतरवताना

समोरच्या घराच्या गच्चीवर एक जागा निश्चित केली, गच्चीच्या कठड्यावर तिपाईच्या पायांच्या खुणा रंगाने केल्या आणि तिथून, त्याच भिंगाने, त्याच उंचीवरून, प्रत्येक टप्प्याचे एक चित्र घेतले. त्या घरच्या काकूंनी गच्ची वापरू दिली आणि वर येताना चपला बाहेर काढायच्या एवढीच अट घातली. ही स्थिर चित्रांची मालिका पुढे सगळ्यांना आवडली, कारण तीत इमारत हळूहळू नाहीशी होताना दिसते. माझ्या मते मात्र ती या नोंदीतली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. खरे काम खाली, हेल्मेट घालून, धुळीत होते.

मंगलोरी कौले उतरल्यावर वासे आणि आढे उघडे पडले. प्रत्येक वाशाच्या टोकाला आणि तो ज्या खाचेत बसतो तिथे, छिन्नीने मारलेल्या जुळत्या खुणा होत्या: एक रेघ, दोन रेघा, काटकोन, फुली. सुतार जमिनीवर सांगाडा जुळवून पाहतो, खुणा करतो, सुटा करतो आणि वर नेऊन पुन्हा बसवतो, त्या कामाच्या या खुणा. पश्चिमेकडच्या भागात त्या क्रमाने लागत होत्या. पूर्वेकडच्या एक तृतीयांश भागात मात्र क्रम मोडला होता, आणि तिथल्या तुळयांवर या छपराशी काहीही संबंध नसलेल्या जुन्या खाचा रिकाम्या दिसत होत्या. म्हणजे ते लाकूड आधी दुसऱ्या कुठल्यातरी घरात होते. ही चित्रे घाईने पण काळजीपूर्वक घ्यावी लागली, कारण जुन्या सागाला गिऱ्हाईक तयार असते. लाकूड जमिनीवर आले की त्याच दिवशी वखारीच्या टेम्पोत चढते आणि एकदा रंधा फिरला की खुणा गेल्या.

हौद्यावरच्या मधल्या तुळईच्या वरच्या अंगाला, खालून कधीच न दिसणाऱ्या जागी, बोटभर खोल, गोलसर आणि काचेसारखी गुळगुळीत खाच होती. दोर चढण्याच्या व्यायामासाठी तिथे दोर बांधला जाई, आणि किती पिढ्यांच्या वजनाने तो लाकडात उतरला होता कोण जाणे. अलीकडे तो व्यायाम बंद होऊन वीसेक वर्षे झाली होती. तरुण पैलवानांना तिथे दोर होता हे ऐकूनही ठाऊक नव्हते. म्हातारे मात्र ती खाच पाहायला एकेक करून आले, आणि त्यांच्यातल्या एकाने बोट घालून पाहिले तेव्हा बाकीचे हसले. ती तुळई ठेवून घ्यावी अशी चर्चा संध्याकाळी झाली, पण लाकडाचा सौदा आधीच एकगठ्ठा झालेला होता आणि तुळई दुपारीच गेली होती. तिची आता चित्रेच आहेत: तिरप्या प्रकाशात, मोजपट्टीसह, तीन बाजूंनी.

भिंत उतरताना त्या मे महिन्यातल्या उभ्या वळकटीचा उलगडा झाला. वळकटीच्या पश्चिमेला भिंत दोन्ही अंगांनी दगड आणि मधे मातीचा भराव अशी होती, आणि दर थोड्या अंतरावर दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड घातलेले. वळकटीच्या पूर्वेला दगड फक्त जोत्यापर्यंत. त्यावर मातीत रचलेल्या विटा. दोन्हींच्या सांध्यात एकही दगड एकमेकांत गुंफलेला नव्हता. म्हणजे पूर्वेचा एक तृतीयांश भाग नंतर, कमी खर्चात, जुन्या लाकडावर वाढवलेला होता, आणि पुरानंतर पोट काढून उभा राहिलेला कोपरा नेमका तोच. मूळ बांधकाम पुराला टिकले होते. दोन पुरांनी शंभर वर्षांची इमारत खिळखिळी केली असे जे सगळे समजत होते ते अर्धेच खरे होते. मंडळाच्या वास्तुविशारदाने ही चित्रे पाहून नव्या पायाच्या खोलीविषयी पुन्हा विचार केला, कारण पूर्वेच्या बाजूला जमीनही भरावाची निघाली.

गिलाव्याचा एक तुकडा पाडण्याआधी पायऱ्यापायऱ्यांनी खरवडून घेतला होता. वर पांढरी सफेदी, खाली निळसर, त्याखाली पिवडी, पुन्हा पांढरी, आणि अगदी तळाशी गेरूची एक पातळ रेघ. हे थर कोणत्या वर्षांचे हे त्यावरून सांगता येत नाही. पण तालीम कायम पांढरीच होती असे शपथेवर सांगणारे बरेच जण होते, त्यांना हे दाखवता आले.

हौद्याची माती वस्तादांच्या देखरेखीखाली गोण्यांत भरली गेली. तिच्या खाली मुरूम आणि त्याखाली फुटक्या खापरांचा थर निघाला, पाणी जिरण्यासाठी घातलेला. या थराची जाडी मोजून त्याचा काटछेद चित्रात घेतला, आणि नव्या हौद्याच्या तळाशी काय घालायचे हा गवंड्यांसमोरचा प्रश्न त्या एका चित्रावरून सुटला. संपूर्ण नोंदीतून प्रत्यक्ष बांधकामात उतरलेली गोष्ट विचाराल तर दाराची चौकट सोडता ही एकच आहे.

नोंदीचा वापर आणि मर्यादा

मूळ चित्रे प्रक्रिया न केलेल्या स्वरूपात आणि त्यांच्या टिफ प्रती, अशा दोन्ही, तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. त्यांतली एक जागा शहराबाहेर आहे, कारण पूर एकाच वेळी सगळ्या पेठांत येतो. निवडक चित्रांचे कागदी ठसे (प्रिंट) तालमीला दिले. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत ठशांना बुरशी लागते, त्यामुळे ते काचेला चिकटतील असे न लावता मधे जागा सोडून लावावेत असे सांगितले आहे. सभागृहात सध्या मोठा सामूहिक फोटो लागला आहे; छिन्नीच्या खुणांची चित्रे कपाटात आहेत. ते स्वाभाविक आहे. पैलवानांना आपली माणसे पाहायची असतात, वासे नव्हे.

शहर बदलत असताना त्याची नोंद सरकारी खर्चाने करण्याची पद्धत नवी नाही. ग्लासगो शहरातल्या दाट वस्तीच्या जुन्या गल्ल्या पाडण्याआधी तिथल्या सुधार न्यासाने थॉमस ॲनन या छायाचित्रकाराकडून 1868 पासून त्यांची चित्रे काढून घेतली, आणि पॅरिसमध्ये जुने रस्ते मोडून रुंद मार्ग काढले जात असताना शार्ल मार्व्हिल याला नगरपालिकेनेच ते काम दिले होते. त्या चित्रांमुळे आज त्या गल्ल्या दिसतात. पण तीही उभ्या इमारतींची चित्रे आहेत. भिंतीच्या पोटात काय होते हे त्यांतूनही कळत नाही. त्या काळच्या काचपट्ट्यांच्या जड कॅमेऱ्याने पाडकामाच्या धुळीत उभे राहणे अवघड होते. आज ती सबब उरलेली नाही. या प्रकरणातली पाडकामाच्या टप्प्यावरची निम्मी चित्रे साध्या हातातल्या कॅमेऱ्याने, आणि काही तर मंडळातल्या एका मुलाने मोबाइलवर, मोजपट्टी धरून घेतलेली आहेत, आणि ती तितकीच उपयोगी ठरली.

खर्चाचा हिशेबही सांगायला हवा. नोंदीवर सर्वांत जास्त वेळ गेला तो मे महिन्यातल्या दर्शनी भिंतीवर. सर्वांत जास्त माहिती मिळाली ती पाडकामाच्या त्या थोड्या तासांत. पुन्हा असे काम करायचे झाले तर मी हे प्रमाण बरेच बदलेन, पण मे महिन्यातली चित्रे अजिबात गाळणार नाही, कारण वळकटीचे चित्र आधी नसते तर भिंतीतला सांधा कुठे शोधायचा हे त्या धुळीत कळले नसते. पाडकामाचा परवाना देताना चारही बाजूंची मापासह चित्रे आणि पाडकामाच्या प्रत्येक टप्प्याचे किमान एक चित्र अर्जदाराने जमा करावे, एवढी अट महापालिकेने घातली तर पेठांतल्या कितीतरी वाड्यांची नोंद आपोआप तयार होईल असे मला वाटते. ती अट कागदोपत्री पुरी करून टाकण्याचे मार्गही लोक शोधतील, हे गृहीत धरूनसुद्धा.

एक काम बाकी आहे. पूर्वेचा भाग कधी वाढवला याचा पुरावा इमारतीत मिळाला नाही, तेव्हा तो आता शेजाऱ्यांच्या घरांतल्या अल्बमांत शोधतो आहोत. तालमीसमोरून गेलेल्या वरातींच्या, मिरवणुकींच्या आणि कुस्ती जिंकून गुलाल खेळलेल्या पैलवानांच्या फोटोंत मागे भिंत दिसते. तीत दाराच्या पूर्वेला किती खिडक्या आहेत एवढेच पाहायचे आहे. आतापर्यंत जमलेल्या फोटोंत सर्वांत जुना जो वाटतो, त्यात दाराच्या पूर्वेला भिंतीच्या जागी काटेरी कुंपण आणि बैल बांधलेला परडे दिसते. त्यामागे तारीख नाही. फोटोतला नवरामुलगा आज हयात नाही, आणि लग्नाचे वर्ष त्याच्या घरच्यांना विचारून सांगतो असे मंडळाच्या चिटणीसांनी कळवले आहे.